प्रवाह ओलांडण्याची विद्या

पावसाळ्यात महाडच्या बाजारपेठेतील दिवस एका प्रश्नाने सुरू होतो : सावित्रीला पाणी किती आहे? दुकानाचे दार उघडण्याआधी, गल्ल्यावर बसण्याआधी नजर नदीकडे वळते. आषाढ-श्रावणात या गावातील व्यापाऱ्याला बाजारभावाइतकीच नदीच्या पातळीची खबर ठेवावी लागते. नदीविषयी एवढी दक्षता बाळगणाऱ्या या गावात नदीत उतरून ती ओलांडू शकणारी माणसे मात्र पिढीगणिक कमी होत गेली आहेत. सावित्रीची धास्ती घराघरांत आहे. तिची ओळख थोड्यांनाच उरली आहे.

पूर्वी असे नव्हते. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी सावित्री पश्चिमेकडे उतरते. सुमारे १३०० मीटर उंचीवरून निघालेले तिचे पाणी पोलादपूरजवळून वाहत महाडला येते, तेव्हा समुद्रसपाटीपासून फारसे उंच राहिलेले नसते. महाडच्या परिसरात तिला गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी मिळते, आणि तेथून पुढे बाणकोटच्या खाडीपर्यंत तिच्यावर भरती-ओहोटीची सत्ता चालते. याच खाडीने महाडला मोठे केले. भरतीच्या पाण्यावर गलबते आत येत, दासगाव आणि महाडच्या बंदरांत माल उतरे, आणि तो घाटवाटांनी देशावर जाई. तांडेल, नावाडी, हमाल, अडते, पेढीवाले असे सगळे या पाण्यावर जगत. पाण्याची धार कोठे आहे, उतार कोठे मिळेल, कोणत्या वळणावर होडी आपोआप काठाला लागेल, याचे ज्ञान हा त्या काळी व्यापाराचाच एक भाग होता. पुढे पक्के रस्ते झाले, पूल झाले, माल मालमोटारींवर चढला. नदी हा रस्ता होता. ती अडथळा झाली, आणि पुलामुळे अडथळाही जाणवेनासा झाला.

तो पूलच एका रात्री नाहीसा झाला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर राज्य परिवहनच्या दोन बसगाड्या व इतर वाहने अंधारात प्रवाहात कोसळली. नौदल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि स्थानिक पोहणारे यांनी शोध घेतला, तरी बसचे सांगाडे हाती लागण्यास आठवड्याहून अधिक काळ गेला. काही मृतदेह खाडीतून थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहत गेले होते. नवा पूल विक्रमी वेगाने उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्यानंतर २२ जुलै २०२१ ला महाडने आणखी एक भीषण दिवस पाहिला. शहरात पुराचे पाणी घुसले, दुकानांतील माल चिखलात गेला. त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले.

अशा आघातांनंतर नदीकाठच्या समाजात दोन वृत्ती बळावतात. एक भीतीची : मुलांना पाण्याजवळ फिरकू द्यायचे नाही. दुसरी बेफिकिरीची : सुट्टीच्या दिवशी धबधब्याखाली किंवा डोहात उड्या मारायच्या आणि जे होईल ते पाहायचे. दोन्ही वृत्तींचे मूळ एकच आहे, अज्ञान. भिणाऱ्याला पाणी कळत नाही आणि उडी मारणाऱ्यालाही कळत नाही. या दोहोंमधून जाणारी तिसरी वाट शिक्षणाची आहे, आणि ती आज रायगड जिल्ह्यातच उपलब्ध आहे.

महाडहून महामार्गाने उत्तरेला निघाले की माणगावच्या पुढे कोलाड लागते. तेथील कुंडलिका नदीची एक विशेष गोष्ट आहे. सह्याद्रीपलीकडे मुळशीच्या धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी डोंगरातून पश्चिमेकडे वळवून, सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहावर सोडले जाते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तेच हे धरण. जनित्रे फिरवून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेच्या पात्रात येते. कोकणातील इतर नद्या हिवाळ्यानंतर आटत जातात. कुंडलिका मात्र पाणी सोडले की उन्हाळ्यातही खळाळते. ठरावीक वेळी येणाऱ्या आणि बऱ्याच अंशी मोजून सोडलेल्या या पाण्यामुळेच येथे रबरी तराफ्यांतून प्रवास करण्याचा व्यवसाय वाढला, आणि त्याच्या जोडीने कयाक चालवण्याचे शिक्षणही सुरू झाले.

कयाक म्हणजे एका माणसाची, वरून झाकलेली, निमुळती होडी. तिचे मूळ उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांत आहे. लाकूड-हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते शिकारीसाठी ती बनवत. आजची नदीतील कयाक टणक प्लॅस्टिकची असते, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात, आणि बसणाऱ्याच्या कमरेभोवती पाणी आत येऊ न देणारा घेर असतो. रबरी तराफ्यात आठ-दहा जण बसतात, वाटाड्या मागून हुकूम देतो आणि बाकीचे वल्ही मारतात. कयाकमध्ये हुकूम देणारा आणि पाळणारा एकच असतो. म्हणूनच ती शिकायला वेळ लागतो, आणि म्हणूनच ती काही शिकवते.

शिक्षणाचा पहिला धडा होडी चालवण्याचा नसतो, होडी उलटल्यावर बाहेर पडण्याचा असतो. संथ पाण्यात प्रशिक्षक जवळ उभा असताना शिकाऊ माणूस मुद्दाम उलटतो, डोके पाण्याखाली असताना घेराची दोरी पुढे ओढतो, हात होडीच्या कडांवर टेकवून पाय मोकळे करतो आणि वर येतो. हे पाच-सहा वेळा झाले की छातीतली धडधड उतरते. आपत्ती आली तर काय करायचे हे अंगवळणी पडल्यावरच मन पुढचे शिकायला मोकळे होते. व्यापारी घरांना हे तत्त्व नवे नाही. नफ्याची गणिते मांडण्यापूर्वी तोटा किती सोसवेल, हे शहाणा माणूस आधी पाहतो.

दुसरा धडा पाणी वाचण्याचा. काठावरून नदी एकसंध वाहताना दिसते, पण ती तशी नसते. मध्यभागी धार वेगवान, काठाला मंद. पाण्यातून वर आलेल्या खडकाच्या मागे तर पाणी उलटे, उगमाच्या दिशेने सरकते. खडकाआडच्या या शांत पाण्याला नदीत उतरणारे ‘एडी’ म्हणतात. ती प्रवाहातील धर्मशाळाच होय. तेथे थांबता येते, श्वास घेता येतो, पुढचा टप्पा पाहता येतो. खडकावरून पाणी पुढे जाताना प्रवाहाच्या दिशेला टोक असलेली गुळगुळीत जीभ दिसली तर ती बहुधा वाट असते. उलट दिशेला टोक असलेला फेसाळ आकार दिसला तर त्याखाली खडक दडलेला असतो. जाणता माणूस नदी सलग उतरत नाही. एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंत, अशी ती टप्प्याटप्प्याने उतरतो.

खरी परीक्षा या शांत पाण्यातून बाहेर, धारेत शिरताना होते. दोन विरुद्ध प्रवाहांच्या सीमेवर होडीचे नाक धारेत जाते आणि शेपूट अजून उलट्या पाण्यात असते. त्या क्षणी शिकाऊ माणसाची सहजप्रवृत्ती त्याला दगा देते. वरून येणारे पाणी पाहून तो त्याच्याकडे झुकतो, जणू त्याला अंगाने अडवणार आहे. होडीची वरच्या बाजूची कड खाली जाते, धावते पाणी तिच्यावर चढते आणि निमिषात होडी उलटते. योग्य कृती याच्या नेमकी उलट आहे. शरीर ताठ ठेवून, कमरेतून होडी प्रवाह जिकडे जातो तिकडे किंचित कलती करायची, म्हणजे वरची कड उचलली जाते आणि पाणी होडीच्या तळाखालून निघून जाते. हे सांगायला एक वाक्य पुरते, शरीराला पटायला कित्येक दिवस लागतात.

त्यानंतर येतो या विद्येचा गाभा, म्हणजे धार आडवी ओलांडून समोरच्या काठी नेमक्या ठिकाणी पोहोचणे. येथे थोडा हिशेब मांडण्यासारखा आहे. समजा, नदी ५० मीटर रुंद आहे, प्रवाह ताशी ३ किलोमीटर वेगाने वाहतो आणि वल्हवणाऱ्याचा स्थिर पाण्यातील वेग ताशी ६ किलोमीटर आहे. त्याने होडीचे नाक सरळ समोरच्या काठाकडे धरले, तर ३० सेकंदांत तो पलीकडे पोहोचेल, पण तेवढ्या वेळात प्रवाहाने त्याला २५ मीटर खाली नेलेले असेल. तेथे खडक असेल, झाडांच्या फांद्या असतील किंवा पुढच्या उताराचे तोंड असेल. आता त्याने नाक समोरच्या काठापासून ३० अंश उगमाकडे वळवून धरले, तर त्याच्या श्रमाचा एक भाग प्रवाहाला तोलण्यात खर्च होईल आणि उरलेला भाग त्याला आडवे नेईल. पलीकडे जायला ३० ऐवजी सुमारे ३५ सेकंद लागतील, परंतु तो नेमका समोर उतरेल. पाच सेकंदांच्या किमतीत पंचवीस मीटर वाचले.

प्रवाह जितका वेगवान, तितके नाक अधिक उगमाकडे धरावे लागते, आणि आडवी गती तितकी कमी होते. प्रवाहाचा वेग वल्हवणाऱ्याच्या वेगाइतका झाला की कोणताही कोन त्याला समोर नेऊ शकत नाही. तेव्हा शहाणा माणूस हट्ट सोडतो. खाली कोठे लागायचे ते आधीच ठरवतो, किंवा नदीत उतरतच नाही. कोन फार उघडा ठेवला की प्रवाह नाक पकडून होडी फिरवतो. फारच मिटला तर माणूस जागच्या जागी वल्ही मारत थकतो. मधला कोन साधायचा, तो पुस्तकात सापडत नाही. समोरच्या काठावरची एक खूण नजरेत धरून, ती सरकते की स्थिर राहते हे पाहत, प्रत्येक फटक्याला थोडा बदल करत तो साधावा लागतो. ज्या खडकाची भीती वाटते त्याच्याकडे टक लावली, तर होडीही त्याच्याकडेच जाते, हा सर्व नदीवाल्यांचा अनुभव आहे.

हेच तत्त्व स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात रोजच्या व्यवहारात दिसते. तेथे ऱ्हाइन नदीवर चार होड्या उतारूंची ने-आण करतात. त्यांना यंत्र नाही, शीड नाही, वल्ही नाहीत. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला होडी दोरखंडाने बांधलेली असते. नावाडी केवळ होडीचा कोन बदलतो आणि प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. जे पाणी वाहून नेऊ पाहते, तेच पार करते. खेळाच्या जगात या कौशल्याची कसोटी स्लॅलम स्पर्धेत लागते. खळाळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून होडी न्यायची असते. हिरवे खांब प्रवाहाबरोबर, लाल खांब प्रवाहाविरुद्ध. खांबाला स्पर्श झाला तर २ सेकंदांचा दंड, जोडी चुकली तर ५० सेकंदांचा. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रथम आला आणि १९९२ च्या बार्सिलोनापासून तो कायम आहे.

जैन वाचकाला यात एक ओळखीचा शब्द ऐकू येईल. ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थच नदीचा उतार, म्हणजे जेथून पाणी ओलांडता येते ती जागा. त्या उताराची वाट करून देणारे ते तीर्थंकर. परंपरेने मुक्तीच्या मार्गाला नाव देताना उतार शोधण्याची प्रतिमा निवडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. उतार पाहण्यासाठी आधी थांबून नदीकडे पाहावे लागते. आणि त्याच परंपरेने पावसाळ्याचे चार महिने विहार थांबवून साधु-साध्वींना एका जागी राहण्यास सांगितले. केव्हा पार व्हावे याइतकेच केव्हा निघू नये हे ज्ञान महत्त्वाचे, हे त्यातून सहज समजते.

कयाकचे शिक्षण माणसाला पुराशी झुंजायला तयार करत नाही. उलट पुराशी झुंजता येत नाही हे ते पटवून देते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा त्याचा जोर चौपट होतो. जेमतेम १५ सेंटिमीटर वेगवान पाणी मोठ्या माणसाचा पाय उखडू शकते. ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार ढकलते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते. ज्याने एकदा गुडघाभर धारेत उभे राहून हा जोर अनुभवला, तो साकवावरून किंवा फरशीपुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणार नाही. २०१६ च्या त्या रात्री कोणाचे कौशल्य कामी आले नसते, हे खरेच. परंतु दर पावसाळ्यात ज्या लहान दुर्घटनांच्या बातम्या येतात, पाण्याखाली गेलेल्या पुलावरची दुचाकी, डोहात उतरलेली मित्रमंडळी, बंधाऱ्याखाली पोहायला गेलेली मुले, त्यांतील पुष्कळ या समजुतीने टळू शकतील.

बंधाऱ्याबद्दल तर विशेष सांगावे लागेल. बंधाऱ्यावरून सरळ पडणारे पाणी पायथ्याशी गोल फिरत परत बंधाऱ्याकडे येते. वरून ते निरुपद्रवी दिसते. आत सापडलेली वस्तू मात्र पुन्हा पुन्हा खाली ओढली जाते, आणि पट्टीचा पोहणाराही तेथे हतबल होतो. दुसरा धोका पाण्यात पडलेल्या झाडांचा. फांद्यांमधून पाणी गाळणीतून जावे तसे निघून जाते, माणूस अडकतो. तिसरा धोका उभे राहण्याचा. वाहत्या पाण्यात पडलेला माणूस घाईने पाय टेकू पाहतो, पाय दगडांच्या सांदीत अडकतो आणि प्रवाह त्याला पुढे दाबतो. म्हणून पाठीवर तरंगायचे, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने व पावले पृष्ठभागाजवळ ठेवायची, आणि काठ जवळ आला की तिरकस पोहून बाहेर यायचे. एवढे तीन नियम कयाक कधीही न चालवणाऱ्या घरातही सर्वांना ठाऊक असावेत.

ज्या कुटुंबांना आपल्या मुला-मुलींना ही विद्या द्यावीशी वाटते, त्यांनी काही गोष्टी पारखून घ्याव्यात. आधी साधे पोहणे पक्के हवे. शिकण्यासाठी पावसाळा संपल्यानंतरचा काळ निवडावा. नद्यांच्या अवघडपणाच्या १ ते ६ अशा आंतरराष्ट्रीय श्रेणी आहेत. नवख्याने पहिल्या श्रेणीतच सुरुवात करावी, आणि तत्पूर्वी संथ पाण्यात पुरेसे दिवस घालवावेत. एका दिवसाच्या सहलीत कयाक येत नाही. तसे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. शिकवणाऱ्याला सरळ विचारावे : एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ असतील? मुलाच्या मापाचे तरंगजाकीट आणि शिरस्त्राण मिळेल का? काठावर फेकदोर घेऊन माणूस उभा असेल का? पाणी केव्हा सोडले जाते आणि त्याची सूचना कशी मिळते? या प्रश्नांची उत्तरे टाळणाऱ्याला पैसे देऊ नयेत. मुक्कामी सूर्यास्तापूर्वीचे आणि कंदमूळवर्ज्य भोजन हवे असल्यास तेही आधीच ठरवून घ्यावे. शरीरकष्टाच्या दिवशी उपाशी राहून पाण्यात उतरणे धोक्याचे आहे, आणि उपवासाच्या दिवशी तर हा बेत आखूच नये.

यातून प्रत्येक मूल खेळाडू होईल असे नाही, तशी अपेक्षाही नसावी. पण बाजारपेठेतील घरांमधून दहा-वीस तरुण-तरुणी जरी पाणी वाचायला शिकली, तरी गावाचा लाभ आहे. पावसाळ्यात पुलाच्या तोंडाशी उभे राहून ‘आता जाऊ नका’ असे अधिकाराने सांगणारे कोणीतरी तेथे असेल. पाण्यात पडलेल्याला वाचवण्यासाठी आंधळेपणाने उडी मारण्याऐवजी दोर कोठून आणि कसा फेकायचा, हे ठाऊक असणारे कोणीतरी असेल. सावित्रीच्या काठी व्यापार करणाऱ्या पूर्वजांना ही नदी माहीत होती, कारण त्यांचा माल तिच्यावरून येत होता. आज माल तिच्यावरून येत नाही. ती मात्र दर पावसाळ्यात दुकानाच्या पायरीपर्यंत येऊ शकते. पुढच्या पावसाळ्याआधी एक हिवाळा हाती आहे, आणि कोलाड दूर नाही.